नियोजित पुरंदर विमानतळ आणि आकाशाची मराठी परिभाषा

विमानतळाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम जमिनीची चर्चा होते आणि बहुधा जमिनीपाशीच ती संपते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विमानतळ उभारण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. तेव्हापासून मराठीत जे विपुल लेखन झाले त्यात सात गावांचे क्षेत्र, मोबदला, फळबागा यांचा ऊहापोह आहे, आणि तो अवश्यच होता. परंतु धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे जे आकाश आखले जावयाचे, त्यासंबंधी मराठी मजकूर वाचू लागताच सुबुद्ध वाचकही अडखळतो. हा दोष विषयाच्या काठिण्याचा की आपण योजिलेल्या शब्दांचा, हे येथे पाहावयाचे आहे. पर्यावरणीय परिणाम-मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मागते. जनसुनावणीत ग्रामस्थाने बोलावयाचे ते या सारांशाच्या आधारे. तेव्हा शब्द चुकला तर त्याचा प्रश्नही चुकतो.

सर्वांत घातक शब्द ‘उंची’. इंग्रजी विमानविद्येत यासाठी तीन संज्ञा आहेत. ‘अल्टिट्यूड’ म्हणजे विमानाची समुद्रसपाटीपासूनची उंची. ‘हाइट’ म्हणजे एखाद्या ठरावीक पातळीपासूनची, बहुधा विमानतळाच्या भूमीपासूनची. आणि ‘एलिव्हेशन’ म्हणजे भूमीवरील स्थानाची समुद्रसपाटीपासूनची. मराठी अनुवादक तिन्ही ठिकाणी ‘उंची’ लिहून मोकळा होतो. याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावरून येणारे विमान किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर खाली येते. म्हणजे धावपट्टीपासून १० किलोमीटरवर ते तिच्या पातळीहून सुमारे ५२० मीटर वर असते. भूमी समुद्रसपाटीहून ७०० मीटर उंच धरली, तर त्याच विमानाचा ‘अल्टिट्यूड’ १,२२० मीटर होतो, आणि वैमानिकाच्या नकाशावर तो फुटांत, म्हणजे सुमारे ४,००० असा दिसतो. आता त्या मार्गाखालच्या शेतकऱ्याला ‘विमानाची उंची ४,००० फूट’ असे सांगितले, तर सांगणारा खोटे बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला खरेही कळत नाही. त्याच्या घराच्या पत्र्यावरून विमान जाणार आहे १,७०० फुटांवरून! एका प्रकल्पाच्या मराठी सारांशात मी स्वतः हा घोटाळा पाहिला आहे. प्रकल्पाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. यावर ‘तुंगता’सारखी संस्कृत घडण काढण्याची हौस अनेकांस होईल. मला ती मान्य नाही. ‘समुद्रसपाटीपासून’ आणि ‘जमिनीपासून’ ही दोन विशेषणे न चुकता लिहिली तरी काम भागते.

‘फ्लाइट प्रोसीजर’चे ‘उड्डाण कार्यपद्धती’ हे भाषांतर शब्दशः निर्दोष असूनही अर्थाने फसवे आहे. ‘कार्यपद्धती’ म्हटले की फायलीचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे ती अवकाशात मोजून काढलेली आकृती. विमान चढताना मार्ग किमान ३.३ टक्के चढाचा धरतात. उतरताना आरंभीच्या टप्प्यात अडथळ्यांवर ३०० मीटर, मधल्या टप्प्यात १५० आणि अखेरच्या टप्प्यात साधारणतः ७५ मीटर मोकळीक राखतात, आणि डोंगराळ मुलखात ती आणखी वाढवावी लागते. पुरंदरच्या डोंगररांगा पाहता ही बाब पुस्तकी राहत नाही. अशा आकृतीला ‘चढवाट’ आणि ‘उतरवाट’ म्हणण्यास काय हरकत आहे? ज्या समाजाला ‘वहिवाट’ कळते, त्याला ‘उतरवाट’ समजावून सांगावी लागणार नाही. तीच गोष्ट ‘अडथळा मर्यादा पृष्ठभाग’ या त्रिशब्दी अवडंबराची. पृष्ठभाग अडथळ्याचा की मर्यादेचा, हे समासावरून उलगडत नाही. मुळात हे एक कल्पित छप्पर आहे: विमानतळाभोवती ४ किलोमीटर त्रिज्येपर्यंत ४५ मीटरांवर सपाट, आणि धावपट्टीच्या टोकापुढे पहिल्या ३,००० मीटरांत २ टक्के, मग २.५ टक्के असे तिरपे चढत जाणारे. मराठी छप्पर उतरतेच असते. हा शब्द आपोआप योग्य ठिकाणी बसतो.

‘सेपरेशन’साठी ‘अंतर’ योजणे त्याहून गंभीर आहे. अंतर हे असतेच; सेपरेशन राखावे लागते. दोन्ही भाषांत अर्थ निसटला तर काय होते, याचा दाखला १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीवर झालेल्या टकरीत आहे. सौदी विमानास १४,००० आणि कझाक विमानास १५,००० फुटांची पातळी दिलेली होती; कझाक विमान तिच्याखाली उतरले आणि ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक चालकवर्गाच्या इंग्रजीच्या उणिवेची चर्चा पुष्कळ झाली, आणि आम्हा भाषाशास्त्राच्या लोकांना ती प्रियही असते. परंतु आकाशाचा मोठा भाग लष्कराकडे असल्याने येणारी व जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून समोरासमोर नेली जात होती, हे नियोजनाचे कारण त्या चर्चेआड जाता कामा नये.

पुरंदरच्या बाबतीत हा दाखला दूरचा नाही. पुण्याचे लोहगाव हे वायुसेनेचे ठाणे नियोजित जागेपासून सरळ रेषेत तीस किलोमीटरांच्या आत आहे. तासाला ४६० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते चार मिनिटांचेही नव्हे. याच तालुक्यातील एका पर्यायी जागेस दिलेली संमती संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये मागे घेतली आणि पुन्हा मूळ सात गावांकडे वळावे लागले. म्हणजे जमीन कोणाची जाणार, हे काही अंशी आकाशाने ठरविले. तो निर्णय ज्या संज्ञांत झाला त्या त्या सात गावांच्या भाषेत अद्याप उतरलेल्या नाहीत.