वंदन आणि कौतुक : शीलविजयांच्या ‘तीर्थमाले’तील वऱ्हाड

तीर्थयात्रा व प्रेक्षणीय स्थळांचे दर्शन या दोन भिन्न जातीच्या क्रिया असून एकाच प्रवासात त्या एकत्र आल्या की पहिलीचे पावित्र्य उणावते, ही समजूत यात्रावाङ्मयाच्या अभ्यासात दीर्घकाळ घर करून राहिली आहे. तिचा उगम बव्हंशी ख्रिस्ती विचारात आहे. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात नेत्रांच्या लोभाची गणना मोहांत केली, आणि निव्वळ पाहण्यासाठी पाहणे ही वृत्ती पुढे कित्येक शतके धर्मोपदेशकांच्या टीकेचा विषय झाली. प्रत्यक्ष यात्रेकरू मात्र पाहतच होते. उल्म येथील डोमिनिकन धर्मोपदेशक फेलिक्स फाब्री हा १४८० व १४८३ साली दोनदा पॅलेस्टाइनला गेला. व्हेनिसच्या जहाजमालकाशी यात्रेकरूंचा रीतसर करार होई. भोजन, पवित्र स्थळांचे दर्शन व परतीचा प्रवास ही सारी जबाबदारी त्यात जहाजमालकाकडे असे. या प्रवासावर फाब्रीने जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्याला त्याने यात्रावाचक नाव न देता भटकंतीचा अर्थ सूचित करणारे ‘इव्हागातोरियम’ हे नाव दिले. हा संकोच होता की प्रांजळपणा, हे ठरविणे कठीण आहे. पुढील काळातही कॅथलिक संघयात्रेचे स्वरूप याहून फारसे वेगळे राहिलेले नाही. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष दर्शनासाठी ठेवण्यात आले होते. अशा दर्शनास दुरून आलेला यात्रेकरू अवशेषांपुढे गुडघे टेकतो आणि त्याच सहलीत समुद्रकिनाराही पाहून घेतो.

भक्ती आणि कुतूहल यांतील हा ताण पाश्चात्त्य समीक्षेने पुष्कळ चर्चिला आहे. वऱ्हाडात हाच प्रश्न जैन संघयात्रेच्या वाङ्मयात उपस्थित होतो. परंतु त्याचे उत्तर तेथे निराळे मिळते. त्या दृष्टीने आजच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूर, वाशीम आणि कारंजा या तीन स्थळांचा उल्लेख करणारी तपागच्छीय श्वेतांबर साधू शीलविजय यांची ‘तीर्थमाला’ बारकाईने वाचण्यासारखी आहे.

ही रचना जुन्या गुजरातीत, पद्यात आहे. शीलविजयांनी चारही दिशांचा प्रवास केला. त्यांपैकी दक्षिणेचा प्रवास विक्रम संवत १७३१-३२ मध्ये, म्हणजे इ. स. १६७४-७५ च्या सुमारास घडला, आणि रचना पुढे संवत १७४६ मध्ये पूर्ण झाली. विजयधर्मसूरींनी ‘प्राचीन तीर्थमाला संग्रहा’त ती छापली. नाथूराम प्रेमी यांनी ‘जैन साहित्य और इतिहास’ या १९४२ च्या ग्रंथात दक्षिणेकडील तीर्थांचा परामर्श घेताना तिचा सारांश दिला, आणि तेव्हापासून मराठी व हिंदी अभ्यासकांना ती बहुधा या सारांशातूनच परिचित आहे. प्रेमींचे ऋण मोठे आहे. तथापि सारांशाची एक अपरिहार्य मर्यादा असते. स्थळांची नावे व त्यांविषयीची माहिती त्यात सुरक्षित राहते. पण कोणते स्थळ कोणत्या स्थळाच्या शेजारी आणि कोणत्या शब्दाने बांधलेले आहे, हे निसटून जाते. ‘तीर्थमाले’चा सारा अर्थ या जोडणीतच आहे.

शीलविजय वऱ्हाडात उतरतात तेव्हा प्रथम एक भौगोलिक विधान करतात: येथून पुढे समुद्रापर्यंत सर्वत्र दिगंबरांची वस्ती आहे. श्वेतांबर साधूच्या लेखणीतून आलेले हे वाक्य लक्षणीय आहे. त्यात तक्रार नाही, खंडन नाही. नदी ओलांडल्यावर माती काळी झाली असे प्रवाशाने नोंदवावे, तशी ही नोंद आहे. त्यापाठोपाठ शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि वाशीमचा अमीझरा पार्श्वनाथ हे एकाच कडव्यात येतात.

ही जोडी योगायोगाने पडलेली नाही. अंतरिक्ष म्हणजे भूमीला न टेकता अधांतरी राहिलेली मूर्ती, आणि अमीझरा म्हणजे जिच्यातून अमृत पाझरते ती मूर्ती. दोन्ही नावे चमत्काराची, नेमके बोलायचे तर नेत्रांनी पडताळून पाहण्याच्या चमत्काराची आहेत. शिरपूरची कथा वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. एलिचपूरच्या राजाचा रोग तळ्याच्या पाण्याने बरा झाला, तळ्यातील मूर्ती त्याने गाडीवर घेतली, मागे वळून पाहू नये ही अट त्याच्याकडून मोडली आणि मूर्ती तेथेच आकाशात थबकली. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त या क्षेत्राला स्वतंत्र कल्प दिला आहे. परंपरा सांगते की, पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जाऊ शके. पुढे अंतर घटत गेले आणि आता केवळ वस्त्र सरकू शकेल एवढीच फट उरली आहे. या कथेत पाहण्याची क्रिया दोन वेळा आलेली आहे. राजाने पाहिले म्हणून मूर्ती थांबली, आणि यात्रेकरू वाकून पाहतो म्हणून ती अंतरिक्ष ठरते. शिरपूरला वाकणारा माणूस वंदन करतो आहे की मूर्तीखालची पोकळी न्याहाळतो आहे, हे बाहेरून सांगता येणार नाही. बहुधा त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. ज्या क्षेत्राचे पावित्र्यच प्रेक्षणीयतेवर उभे आहे, तेथे भक्ती आणि कुतूहल यांची फाळणी कोणत्या निकषावर करावयाची?

याचा अर्थ शीलविजय सर्व स्थळे एकाच मापाने मोजतात असा नव्हे. ते औरंगाबाद-देवगिरीच्या परिसरात येतात तेव्हा वेरूळचा उल्लेख करतात आणि त्यासाठी ‘कौतुक’ हा शब्द योजतात. वेरूळ पाहून हृदय उल्हसित झाले, ही मांडणी विश्वकर्म्याने केली, असा त्यांचा अभिप्राय आहे. तेथे त्यांनी वंदनाची भाषा वापरलेली नाही. म्हणजे भेद त्यांना ठाऊक आहे. आजच्या मराठीत कौतुक म्हणजे शाबासकी. जुन्या भाषेत तो आश्चर्याचा व लीलेचा शब्द होता आणि त्याला पापाचा वासही नव्हता. ऑगस्टीनच्या परंपरेत वेरूळसमोर उल्हसित झालेल्या साधूला कबुलीजबाब द्यावा लागला असता. शीलविजय तो उल्हास एका कडव्यात नोंदवितात आणि पुढल्या गावाला निघतात. वंदन आणि कौतुक ही येथे दोन क्रियापदे आहेत. पण कर्ता एक, प्रवास एक आणि छंदही एक. हीच या रचनेची वाङ्मयीन विशेषता होय.

गुणकीर्तींच्या ‘धर्मामृता’तील तीर्थांच्या नामावळीशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. ‘धर्मामृत’ हा जुन्या मराठीतील जैन गद्यग्रंथ. त्यातील तीर्थे एकामागून एक नमस्काराच्या ठराविक शब्दांनी येतात. वाटेतील घाट, गाव, पाणवठा यांचा तेथे मागमूस नाही. असणारही नाही, कारण ती मनाने करावयाची यात्रा आहे. घरी बसून म्हटली तरी ती पूर्ण होते. महानुभावांची ‘स्थानपोथी’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे: कोणती जागा कोणत्या दिशेस, हे ती जमीन मोजणाऱ्याच्या दक्षतेने सांगते, मात्र चक्रधरांच्या पावलांपलीकडे पाहत नाही. ‘तीर्थमाला’ या दोहोंच्या मधली आहे. विद्याधर जोहरापूरकरांनी १९६५ मध्ये ‘तीर्थवंदनसंग्रह’ प्रसिद्ध करून तीर्थविषयक जैन रचना एकत्र आणल्या, हे फार उपयुक्त काम झाले. परंतु त्या संग्रहाचा उपयोग स्थलकोशासारखा करण्याची जी सवय नंतर अभ्यासकांना जडली, तिच्यामुळे नामावळी आणि प्रवासवर्णन एकाच रांगेत बसले व त्यांतील जातिभेद पुसट झाला.

कारंज्याचे वर्णन हा या रचनेचा सर्वांत समृद्ध भाग. कारंजा म्हणजे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक-परंपरांचे पीठ. त्यांच्या इतिहासाची साधने जोहरापूरकरांच्याच ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात आहेत. एवढ्या तीर्थसमृद्ध नगरात शीलविजयांचे लक्ष मात्र वेधून घेतले ते एका गृहस्थाने. बघेरवाल ज्ञातीचा भोज संघवी, त्याची पूजा, त्याचे दान, गिरनारला काढलेला संघ, आणि वाटसरूंसाठी घातलेली पाणपोई. थंडीत दूध, उन्हाळ्यात उसाचा रस व वेलदोड्याचे सुवासिक पाणी! जो पायी चालून आला आहे त्याच्याच दृष्टीला हा तपशील महत्त्वाचा वाटेल. येथे वंदनही नाही आणि कौतुकही नाही. एक तिसरीच गोष्ट आहे, ती म्हणजे कृतज्ञता. ‘संघवी’ हे बिरुद स्वतःच्या खर्चाने संघयात्रा नेणाऱ्याचे, आणि वऱ्हाडातील ‘संघई’ या आडनावात ते अद्याप टिकून आहे. व्हेनिसच्या जहाजमालकाने जे कराराने आणि मोबदला घेऊन केले, ते संघपतीने पुण्यासाठी व कीर्तीसाठी केले. यांपैकी कीर्तीचा भाग चुकता करण्याचे काम ‘तीर्थमाले’सारख्या रचनांकडे असे, हे विसरून चालणार नाही.

ते विसरल्यास काय होते, याचे उदाहरण कारंजाच पुरविते. १६७० च्या डिसेंबरात मराठ्यांच्या फौजेने कारंजा लुटले. लूट वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली आणि गावचे धनिक खंडणीसाठी पकडून नेण्यात आले, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. शीलविजयांचा प्रवास त्यानंतर चार-पाच वर्षांचा. त्यांच्या कारंज्याच्या वर्णनात या प्रसंगाची छायाही नाही. मग या वर्णनाच्या आधारे ‘सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारंजा वैभवाच्या शिखरावर होते’ असे लिहिणाऱ्या इतिहासलेखनाचे काय करावे? नगर इतक्या लवकर सावरले, हे संभाव्य आहे. कापूस व्यापाऱ्यांच्या गावात पैसा पुन्हा उभा राहण्यास फार वर्षे लागत नाहीत. भोज संघवीचा गिरनारचा संघ लुटीच्या पूर्वीचा असून शीलविजयांनी ऐकीव कीर्ती गायिली असेल, हेही संभाव्य आहे. परंतु तिसरा विचार अधिक समर्पक वाटतो. ज्याच्या घरी पाहुणचार घेतला त्याच्या घरी पडलेल्या दरोड्याची गोष्ट पाहुण्याने चारचौघांत काढावयाची नसते. स्तुती हा या प्रकाराचा धर्म आहे आणि मौन हा त्या स्तुतीचाच एक भाग. यास्तव शीलविजयांच्या मौनावरून लूट झाली नाही असे म्हणणे जितके चूक, तितकेच त्यांच्या स्तुतीवरून वैभव अबाधित होते असे म्हणणेही चूक ठरेल.

शिरपूरच्या बाबतीत हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा उरत नाही. तेथील पूजेच्या हक्कावरून दिगंबर व श्वेतांबर या दोन समाजांत जुना वाद आहे. १९०५ मध्ये उभयपक्षी पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा ठराव झाला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. त्यानंतर सुमारे चार दशके मंदिर बंद राहून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. अशा वातावरणात जुन्या यात्रावर्णनांना दस्तऐवजाची कळा येते. अमुक संप्रदायाच्या साधूने अमुक साली येथे वंदन केले, म्हणून स्थळ अमुकाचे, हा युक्तिवाद सोपा असतो. शीलविजयांची रचना त्याला पुरी पडत नाही. ते श्वेतांबर आहेत. ते शिरपूरला वंदन करतात. त्याच दमात आसमंत दिगंबरांचा असल्याचे सांगतात, आणि थोड्याच अंतरावर एका दिगंबर गृहस्थाची मुक्तकंठाने प्रशंसा करतात. यांतील एकच ओळ उचलून कोणालाही आपली बाजू मांडता येईल. उरलेल्या ओळी लगेच दुसरी बाजू मांडू लागतील. न्यायालयास कशाची गरज आहे हा वेगळा विषय. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी वाट मध्येच तोडता कामा नये.

या रचनेच्या वऱ्हाडविषयक भागाची मूळ पाठ, मराठी अर्थ व टिपा यांसह स्वतंत्र आवृत्ती निघणे अगत्याचे आहे. कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश पोथ्यांकडे रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने लक्ष वेधले आणि पाचच वर्षांत प. ल. वैद्यांचे ‘जसहरचरिउ’ कारंजा ग्रंथमालेतून बाहेर पडले. म्हणजे अशा कामाची परंपरा या भूमीत आहे. या आवृत्तीत टिपा स्थलनामांच्या अकारविल्हे क्रमाने न देता कडव्यांच्या क्रमाने द्याव्यात. अकारविल्ह्यात अंतरिक्ष पार्श्वनाथ ‘शिरपूर’खाली जाईल आणि अमीझरा ‘वाशीम’खाली, शीलविजयांनी मात्र त्यांना एकाच कडव्यात शेजारी बसविले आहे.