साप सरळ का झोपत नाही? पेटीला विचारा

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्षाकडे पळतो. मीही पळायचे. आता आधी एक प्रश्न विचारते: जे दिसलं नाही असं लेखक म्हणतात, ते तिथे दिसणं शक्य तरी होतं का? याचं झकास उदाहरण म्हणजे पाळीव साप. (आपले देशी साप घरात ठेवायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा परवानगी देत नाही, ही चर्चा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या बॉल पायथन, कॉर्न स्नेक वगैरेंची आहे.)

तिथे वर्षानुवर्षं एक सल्ला चालत आलाय. साप वेटोळं घालूनच विश्रांती घेतो, तेव्हा पेटी त्याच्या लांबीपेक्षा छोटी असली तरी चालते. सरळ पसरलेला साप दिसला की मालक घाबरतो, काहीतरी बिघडलं म्हणून. पण गंमत बघा, दोन फुटांच्या पेटीत चार फुटांचा साप सरळ पडणार कसा? ज्या निरीक्षणावर सल्ला उभा आहे, ते निरीक्षण पेटीनेच घडवलंय.

२०१९ मध्ये वॉरविक, अरेना आणि स्टीडमन यांनी या समजुतीवर लिहिलं. त्यांनी ६५ साप प्रत्येकी ६० मिनिटं पाहिले. २४ साप त्या वेळात सरळ किंवा जवळपास सरळ झाले. हा आकडा मला आवडतो, कारण ‘कधीच नाही’ हा दावा मोडायला तो पुरेसा आहे. पण तेवढ्यालाच पुरेसा आहे. सरळ होता आलं नाही तर सापाचं काय बिघडतं, हे एका तासाच्या निरीक्षणातून कळत नाही. आणि ‘जवळपास सरळ’ कुठे संपतं, हे दोन निरीक्षक वेगवेगळं ठरवू शकतात. लेखकांचा कल मला पटतो, म्हणूनच इथे जास्त कडक वाचावं लागतं.

याहून चांगली रचना २०२१ च्या ‘प्लॉस वन’मधल्या बॉल पायथनवरच्या अभ्यासाची. रॅक, म्हणजे खणासारखे प्लास्टिकचे ट्रे, आणि मोठी सजवलेली पेटी, अशी थेट तुलना. चढणं, अंग ताणणं यांसारख्या गोष्टी रॅकमध्ये करताच येत नव्हत्या. इथे पेटी हाच प्रयोगातला बदल आहे, हे महत्त्वाचं.

आता काळजीच्या याद्यांकडे येऊ. ‘मान वर करून बसला तर आजार’ असं सरसकट लिहिलेलं असतं. बोआ आणि पायथनमध्ये रेप्टअरेनाव्हायरसमुळे होणाऱ्या आजारात डोकं आकाशाकडे वळून राहतं, हे खरं. पण ही माहिती येते दवाखान्यातून, आणि दवाखान्यात मान वर करणारे निरोगी साप कोण नेणार? शिवाय विषाणू असलेले कित्येक बोआ काहीच लक्षण दाखवत नाहीत. म्हणजे यादी दोन्ही बाजूंनी चुकते. पाण्याच्या भांड्यात पडून राहणंही तसंच: कात टाकायची वेळ असेल, पेटी तापली असेल, किंवा अंगावर माइट्स असतील. नुसत्या बसण्यावरून ठरत नाही.

दवाखाना कधी गाठायचा? उलटा केल्यावर साप स्वतःहून सुलटा होत नसेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाका-तोंडातून बुडबुडे येत असतील, तर त्याच दिवशी. इथे डेटाची वाट बघत बसू नका.

आणि उलट टोकाची चूक ‘स्पायडर’ नावाच्या रंगाच्या बॉल पायथनची. त्यांचं डोकं डुगडुगतं. पैदास करणारे म्हणायचे, ‘या रंगाचं हे नॉर्मलच.’ २०२२ मध्ये मायक्रो-सीटीने बघितलं तर आतल्या कानाची रचनाच बिघडलेली निघाली. त्या ‘नॉर्मल’ची तुलना नक्की कोणाशी केली होती, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.