आश्रयाचा हक्क : एका क्रियापदाची चिकित्सा

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ मतांनी संमत केला. विरोधात एकही मत नव्हते, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. ३० कलमांचा हा दस्तऐवज भाषिक संहिता म्हणूनही वाचावयास हवा, कारण त्याची घडणच शब्दाशब्दांवरील वादांतून झालेली आहे. पहिल्या कलमात केवळ 'पुरुष' असा अर्थ काढता येईल असा शब्द होता. त्याऐवजी निःसंदिग्धपणे 'मानव' असे म्हटले जावे, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला. एका नामाने संहितेची कक्षा रुंदावली.

चौदाव्या कलमात नेमके उलट घडले. छळामुळे परदेशात आश्रय 'मागण्याचा व मिळण्याचा' हक्क, असा मूळ मसुदा होता. ब्रिटनच्या दुरुस्तीने 'मिळण्याचा' हा शब्द गेला आणि तेथे 'उपभोगण्याचा' आला. 'मिळणे' या क्रियेमागे कोणीतरी देणारा गृहीत असतो. 'उपभोगणे' मात्र एकट्याने होते. वाक्यातून दाता वगळला गेला आणि त्याचे कर्तव्यही वगळले गेले. तेरावे कलम प्रत्येकास स्वतःचा देश सोडण्याची मोकळीक देते. सोडणाऱ्यास दार कोणी उघडावयाचे, याविषयी चौदावे काही बोलत नाही. जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासितास परत न धाडण्याचे बंधन पुढे १९५१ च्या करारात आले. भारत मात्र त्या करारात वा १९६७ च्या त्याच्या पूरक प्रोटोकॉलमध्ये सामील झालेला नाही.

परिणामी भारतातील आश्रयार्थीचे भवितव्य राज्यघटनेतील 'व्यक्ती' आणि 'नागरिक' या दोन नामांवर अवलंबून राहते. अनुच्छेद १४ व २१ चे संरक्षण कोणत्याही व्यक्तीस आहे, अनुच्छेद १९ चे केवळ नागरिकास. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चा आधार घेऊन त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अनुच्छेद १४ व २१ सर्व व्यक्तींना लागू असल्याचे मान्य केले. परंतु हद्दपार न होण्याचा हक्क हा वास्तव्याच्या हक्काशी, म्हणजे अनुच्छेद १९ शी, निगडित असल्याचे म्हटले. विहित प्रक्रियेविना हद्दपारी होऊ नये, एवढेच संरक्षण उरले. हे वाचन प्रस्तुत लेखकास पटत नाही. जेथे जिवाला धोका आहे तेथे माणसाला धाडणे हा आधी जीविताचा प्रश्न आहे, वास्तव्याचा नंतर.

या संदर्भात मराठीतील परिभाषाही तपासण्याजोगी आहे. हिंदीत 'मूल अधिकार' आहे, मराठीत 'मूलभूत हक्क' रुळला. 'अधिकार' या शब्दात पात्रतेची अट दडलेली असते (शिवाय 'अधिकारी'ही त्याच घरचा, आणि आश्रयार्थीची गाठ प्रथम पडते ती त्याच्याशीच). 'हक्क' हा अरबीतून आलेला शब्द सत्य आणि न्याय्य देणे असे दोन्ही अर्थ बाळगतो. मराठी कागदपत्रांत मात्र तो दीर्घकाळ वतनाला चिकटून राहिला. हक्क-लाजिमा, मानपान हे सारे वतनदाराचे, म्हणजे जन्माने आणि गावाने निश्चित झालेले. वतनाच्या हक्काचे जोखड कसे होते, हे महार वतनाने दाखविले. ते सैल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. त्याच्या आदल्या वर्षी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावर सांगितलेला हक्क कोणत्याही वतनातून आलेला नव्हता. वतनाशिवायचा हक्क मराठीला कल्पिता येतो, याचा हा पुरावा होय. ज्याचे वतनच सुटले आहे त्याच्याविषयी बोलताना मात्र आपली भाषा अडखळते. 'शरणार्थी' म्हणावे तर 'शरण येणे' म्हणजे हार पत्करणे, आणि 'आश्रित' म्हणावे तर तो दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा ठरतो. 'निर्वासित' हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द, तरी कोणी घालवून दिले हे तोही सांगत नाही.

मराठीत चौदावे कलम उतरविताना 'आश्रय मिळण्याचा हक्क' असे लिहिण्याचा मोह होतो. वाक्य ओघवते होते, अर्थही माणुसकीचा वाटतो. पण १९४८ साली नाकारलेले क्रियापद भाषांतरकाराने परस्पर परत आणणे योग्य नव्हे. 'मागण्याचा व उपभोगण्याचा' ही अवघडलेली रचनाच मराठीत राहिली पाहिजे, म्हणजे वाचक तेथे थांबेल आणि देणारा कोण, असे विचारील.