‘हेंप’ ही संज्ञा : अंबाडी, ताग आणि भांग

सटाण्याच्या बाजारात अंबाडीची जुडी मागणाऱ्यास आंबट पाल्याची भाजी हवी असते. तीच वनस्पती इंग्रजी व्यापारी परिभाषेत ‘डेक्कन हेंप’ ठरते, ताग ‘सन हेंप’ ठरतो आणि विशेषणावाचून ‘हेंप’ म्हटले की भांगेचे झाड अभिप्रेत असते. वाखाच्या साम्यामुळे तीन भिन्न कुळांतील वनस्पती एका नावाखाली आल्या. दोरखंडाच्या व्यापाऱ्यास ही संज्ञा पुरेशी होती. आहारविषयक लेखनात मात्र ती दिशाभूल करते.

भांगेच्या बियांत सुमारे ३० टक्के तेल व २५ टक्के प्रथिने असतात. एडेस्टिन हे त्यांतील प्रमुख प्रथिन होय. तेलातील लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक आम्लांचे प्रमाण साधारणतः ३:१ असते. अंबाडीच्या बियांच्या तेलात दुसरे आम्ल अत्यल्प आढळते. तेव्हा ‘हेंप’चे गुण अंबाडीस चिकटविणे म्हणजे नामसाम्यालाच वस्तुसाम्य मानणे होय.

याच्या उलट दिशेनेही प्रमाद घडतो. मराठीत ‘भांग’ हा शब्द मादक पाल्यापुरता संकुचित झाल्यामुळे बीही मादकच समजले जाते. वस्तुतः मादक द्रव्य मुख्यतः स्त्रीपुष्पांभोवतालच्या ग्रंथींत निर्माण होते. बियांत ते आढळते ते बहुधा वरून चिकटलेले. पाणिनीने (५.२.४) तीळ, माष, उमा व अणु यांच्या पंक्तीत भंगेस बसवून तिच्या शेतास ‘भङ्ग्य’ व ‘भाङ्गीन’ ही रूपे दिली आहेत. हे सूत्र धान्यक्षेत्राच्या प्रकरणातील आहे. एवढ्यावरून भंगा त्या काळी खाल्ली जात असे असे सिद्ध होत नाही. तिची गणना धान्यांत होऊ शकत होती, इतकेच म्हणता येते. कुमाऊँत मात्र या बियांची चटणी आजही केली जाते.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमात गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांवाचूनचे बी व पाने वगळली आहेत. २०२१ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, त्याचे तेल व पीठ यांस अन्न म्हणून मान्यता दिली. तथापि भांगेची लागवड परवान्यावाचून निषिद्धच आहे, अंबाडीची नाही. ‘हेंप’चे मराठीकरण करणाऱ्याच्या हातून येथे चूक झाली, तर तिचा भुर्दंड बागलाणातील शेतकऱ्यास पडेल. म्हणून अशा लेखनात वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग यांचा निर्देश अपरिहार्य मानला पाहिजे, आणि बियांपुरता ‘भांगबी’ हा स्वतंत्र शब्द रूढ करावा.