वास्तूचा पहिला भाष्यकार

साहित्यिकांच्या वास्तूचा रखवालदार हा तिचा पहिला भाष्यकार होय, असे आम्ही मानतो. स्ट्रॅटफर्ड येथे शेक्सपिअरचे जन्मगृह राखणारी मेरी हॉर्नबी कवीची म्हणून एक खुर्ची दाखवीत असे. वॉशिंग्टन अर्व्हिंगने त्या प्रकाराची मिस्किल नोंद केली आहे. 1820 मध्ये घर सोडताना तिने यात्रिकांच्या भिंतीवरील सह्यांवर चुना फासला. वास्तूत काय दिसावे आणि काय झाकावे, हे असे रखवालदार ठरवितो.

देवासपुरता हा अधिकार एका पुस्तकाकडे गेला आहे. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ (1953) हृद्य खरे. परंतु त्यातील पत्रे मायदेशीच्या आप्तेष्टांसाठी लिहिलेली, म्हणून दरबाराची गंमत त्यांत अधिक. तेथील गोकुळाष्टमीच ‘अ पॅसेज टू इंडिया’ (1924) या कादंबरीच्या अखेरच्या भागात अवतरली, आणि तेथील भजनात तुकोबांचे नाव घुमते. हे नाव मराठी वाचकाला जितके सांगते, तितके ते त्या पुस्तकाला सांगता आलेले नाही.

धार-देवासच्या शिक्षकांनी ही राखण पत्करावी. मात्र खोटी खुर्ची मांडू नये, आणि चुनाही फासू नये.