श्लेष, सचोटी आणि शब्दकोडे : ब्रिटिश गूढ शब्दकोड्याचा एक काव्यशास्त्रीय विचार

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त प्रहेलिकेला अलंकाराचा दर्जा नाकारला आहे. ती रसाच्या आड येते, हे त्यामागील कारण. मम्मटानेही चित्रकाव्याला काव्याच्या उतरंडीत शेवटचे स्थान दिले. शब्दखेळ ही बुद्धीची कसरत आहे, भावनेशी तिचा संबंध नाही, ही धारणा पुढे इतकी रुजली की वृत्तपत्रातील शब्दकोड्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये घडत गेलेल्या गूढ शब्दकोड्याच्या संदर्भात ही धारणा तपासून पाहण्याजोगी आहे.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. आर्थर विन यांचे पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. अर्थ द्यावा आणि शब्द ओळखावा, एवढाच त्यातील व्यवहार होता. त्याला वाकडी वाट दाखवली ती एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी. ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने १९२६ पासून १९३९ पर्यंत ते ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचत. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे इंग्रजी रूपांतर करणारे मॅदर्स ते हेच, हा योगायोग संस्कृतच्या अभ्यासकांना सुखावणारा आहे.

गूढ कोड्यातील संकेतवाक्याचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो, दुसऱ्या टोकाला अक्षरांपासून उत्तर घडवण्याची कृती. दोहोंमधील सीमारेषा मात्र लपवलेली असते. ‘लिसन डिफरंटली, सेइंग नथिंग’ (६ अक्षरे) असे एक संकेतवाक्य कल्पावे. वरवर पाहता हा ‘काही न बोलता, वेगळ्या रीतीने ऐक’ असा उपदेश वाटतो. प्रत्यक्षात ‘डिफरंटली’ ही श्रोत्याला नव्हे, अक्षरांना दिलेली आज्ञा आहे. ‘लिसन’ची इंग्रजीतील सहा अक्षरे वेगळ्या क्रमाने मांडली की ‘सायलेंट’ हा शब्द मिळतो आणि उरलेले दोन शब्द त्याचा अर्थ सांगतात. या दोन शब्दांचे नाते कानाला कळत नाही, ते केवळ लेखनात आहे. मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत मात्रेसह पूर्ण अक्षर जाते, त्यामुळे अशा उलथापालथीला तेथे फारच थोडा वाव राहतो.

फसवणूक हाच ज्याचा धर्म, त्या रचनेत सचोटी कशाला म्हणायचे? ‘आफ्रिट’ या कोडेकाराने १९४९ मध्ये याचे उत्तर दिले. कोडेकाराच्या मनातील अर्थ शब्दांच्या दर्शनी अर्थाहून निराळा असला तरी चालेल, परंतु त्याचे शब्द व्याकरणदृष्ट्या तो मनातील अर्थ सांगणारेच असले पाहिजेत, असा त्याचा आशय. मॅदर्स यांच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट ऊर्फ ‘झिमेनीझ’ यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या विचाराला शास्त्राचे रूप दिले : नेमका अर्थ, न्याय्य कृती, आणि त्यापलीकडे एकही शब्द नाही.

हा शेवटचा दंडक दिसतो तितका सोपा नाही. ‘बिगिन विथ सम ऑफ द बेस्ट आर्ट’ (५ अक्षरे) हे वाक्य पाहावे. ‘बेस्ट’ची शेवटची दोन अक्षरे आणि ‘आर्ट’ मिळून ‘स्टार्ट’ हे उत्तर शब्दांच्या पोटात दडलेले आहे. त्यात ‘द’चे काहीच काम नाही. काटेकोर परंपरा तो दोष मानील. पण ‘द’ काढला की इंग्रजी वाक्य लंगडे होते, म्हणजे दर्शनी अर्थाचा डौल जातो. येथे रचनाकाराला दोन निष्ठांपैकी एक निवडावी लागते, आणि ही निवड निखळ साहित्यिक स्वरूपाची आहे.

सर्वांत उद्बोधक वाद शब्द फोडण्याचा आहे. ‘इंडीड’ हा शब्द ‘इन’ आणि ‘डीड’ असा तोडून काही कोडेकार ‘डीड’च्या आत एखादा शब्द घालण्याची आज्ञा देतात. झिमेनीझ संप्रदायाला हे अमान्य आहे. वस्तुतः हा सभंग श्लेषच होय, आणि संस्कृत काव्यशास्त्राने अभंगाइतकेच सभंगालाही श्लेषाच्या घरात स्थान दिले आहे. अतिरिक्त शब्दाला विरोध करणे योग्यच, कारण तेथे वाचकाची दिशाभूल होते. शब्द फोडल्याने मात्र वाचकाला काहीच खोटे सांगितले जात नाही, म्हणून हा निषेध अनाठायी वाटतो.

या सैल, उदार परंपरेचा मोठा प्रतिनिधी म्हणजे जॉन गॅलब्रेथ ग्रॅहम. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही स्पॅनिश धर्मन्यायाधीशांची नावे, तर ग्रॅहम यांनी ‘ॲरोकेरिया’ हे एका वृक्षाचे नाव घेतले. माकडालाही कोड्यात टाकणारे झाड, अशा अर्थाच्या नावाने ते इंग्रजीत ओळखले जाते. धर्मोपदेशक असलेल्या ग्रॅहम यांना घटस्फोटानंतर ते पद सोडावे लागले आणि कोडी हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. ‘गार्डियन’साठी १९५८ पासून २०१३ मधील मृत्यूपर्यंत ते कोडी रचत राहिले.

जानेवारी २०१३ मध्ये ‘गार्डियन’मध्ये आलेल्या त्यांच्या एका कोड्याच्या आरंभी एक टीप होती. कोडेकाराला अमुक क्रमांकाच्या जागेचा अमुक क्रमांक झाला आहे आणि त्यावर अमुक क्रमांकांचे उपचार सुरू आहेत, असा तिचा आशय. रिकाम्या चौकटी भरल्या की ‘कर्करोग’, ‘अन्ननलिका’ आणि ‘वेदनाशामक शुश्रूषा’ या अर्थांची उत्तरे येत. हीच वार्ता एखाद्या निवेदनात वाचणे आणि ती आपल्याच पेन्सिलीने, एकेक अक्षर जुळवत लिहिणे, यांत फार अंतर आहे. एरवी प्रत्येक जुळलेल्या उत्तराबरोबर सोडवणाऱ्याला जो विजयाचा आनंद होतो, तोच येथे त्याच्या हातात जड होतो. विश्वनाथाने ज्या विलंबाला रसाचा शत्रू मानले, तो विलंबच येथे करुणाचा उद्दीपन विभाव झाला आहे. क्रमांक भरल्याखेरीज ती टीप कोणालाही वाचता येत नव्हती, आणि भरल्यानंतर ती पूर्ण झालेली असे वाचकाच्या हस्ताक्षरात.