बँडवरील चित्रपटगीते : एक रसविचार

मराठीत संगीतविषयक लेखनाची वाण नाही. ख्यालगायकी, नाट्यसंगीत आणि भावगीत यांवर अधिकारी व्यक्तींनी भरपूर लिहिले आहे आणि चित्रपटसंगीतालाही आता समीक्षेच्या पंक्तीत पान मिळू लागले आहे. परंतु ज्या वाद्यमेळाने हे चित्रपटसंगीत गल्लोगल्ली आणि दारोदारी नेले, त्या बँडविषयी रसग्रहणाच्या दृष्टीने लिहिलेल्या चार ओळीही आम्हांस क्वचितच आढळतात. आपल्या भाषेने तर 'बँड वाजणे' या शब्दप्रयोगास फजितीचा अर्थ देऊन त्याची कायमची बोळवण करून टाकली आहे. ही बोळवण अन्यायाची आहे असे आमचे मत आहे. बँडवर वाजणारे चित्रपटगीत ही मूळ गीताची कर्कश नक्कल नव्हे. ते त्या गीताचे एक रूपांतर आहे व रूपांतर म्हणूनच त्याची पारख व्हावयास हवी. एवढेच नव्हे, तर आम्ही राहतो त्या बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात हे रूपांतर जे काम करते, ते मूळ गीताच्या ध्वनिमुद्रणासही साधत नाही.

प्रथम या वाद्यमेळाचे कुलवृत्त थोडक्यात पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींबरोबर बँड या देशात आला आणि दक्षिणेत त्याचे स्वागत करणाऱ्यांत एक मराठी राजा होता, हे आपल्या वाचकांस सांगितले पाहिजे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) आपल्या दरबारी पाश्चात्य धर्तीचा बँड बाळगला होता. त्याच काळात कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५ ते १८३५) यांनी मद्रासकडे कंपनीच्या बँडचे सूर ऐकून त्या चालींवर संस्कृत पदे बांधली. ती 'नोट्टुस्वर' या नावाने आजही गायिली जातात. इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवरील पदही त्यांत आहे. बँड व आपले संगीत यांच्या या पहिल्या भेटीत बँडने चाल दिली आणि आपण तीस शब्द दिले. पुढे चित्रपटगीतांच्या बाबतीत व्यवहार नेमका उलटला : शब्दांसह आलेली चाल बँडने घेतली आणि शब्द मात्र परत केले. या उलटापालटीतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

म्हैसूर संस्थानानेही बँडचा शौक मनापासून केला. तेथे राजवाड्याच्या चाकरीत कर्नाटक पद्धतीचा व इंग्रजी पद्धतीचा असे दोन्ही बँड होते आणि तीच दुहेरी परंपरा आज कर्नाटक राज्य पोलिसांचा बँड चालवीत आहे. शेवटचे महाराज जयचामराज वडियार हे १९४८ साली लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष होते, यावरून त्या घराण्याची आस्था केवळ शोभेपुरती नव्हती हे दिसून येते. बंगळूर छावणीत पलटणींचे बँड होते, आजही मद्रास सॅपर्सचा बँड येथे आहेच. आणि कब्बन पार्कातील अष्टकोनी बँडस्टँड त्या दिवसांची साक्ष देत उभा आहे. लग्नाच्या वरातीतील लाल अंगरख्याचा बँडवाला हा या सरकारी व दरबारी बँडचा गरीब भाऊबंद होय. त्याच्या अंगरख्यावरील झालर उसनी असली, तरी नाते उसने नाही.

बँड चित्रपटसंगीत बिघडवतो, हा त्याच्यावरील नित्याचा आरोप. हा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात : आपल्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळच मुळी बँडच्या मांडीवर वाढला आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्वरलेखन वाचून वाजविणारे वादक मोठ्या संख्येने गोमंतकातील चर्चच्या शाळांत तयार झालेले होते. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचा वाद्यसंभार ज्यांनी दीर्घकाल रचला, ते सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, सी. रामचंद्रांना साहाय्य करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हेही गोव्याचेच. सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग (१९३१ ते २०१०) कलकत्त्यानजीकच्या बाटा कारखान्याच्या बँडमधून पुढे आले. आमच्या या राज्यातील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मंगळूरकडील कद्री गोपालनाथ (१९४९ ते २०१९) यांनी लहानपणी म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, त्या वाद्यात फेरफार करून त्यावर कर्नाटक संगीत साधले आणि १९९४ साली ए. आर. रहमान यांच्या 'डुएट' या तमिळ चित्रपटात तोच सूर पडद्याआडून घरोघर पोहोचला. बँडमधून मैफिलीत, मैफिलीतून चित्रपटात आणि चित्रपटातून पुन्हा बँडमध्ये असा हा रहाट आहे. त्यातील एकच पोहरा तेवढा मळका म्हणणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. न्यूझीलंडमधील संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००५ साली आपल्या लग्नातील बँडवर 'ब्रास बाजा' हा ग्रंथ लिहिला व २००८ साली मुंबईच्या चित्रपटवादकांवर दुसरा. एकाच अभ्यासकास हे दोन्ही विषय हाती घ्यावेसे वाटले, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कलेकडे वळू. पोलिसांचा किंवा पलटणीचा बँड स्वरलेखन समोर ठेवून वाजवितो. त्यात प्रत्येक वाद्यास स्वतंत्र ओळ असते आणि सुरांची संगती आधी ठरलेली असते. वरातीचा बँड बहुधा कानावर शिकतो. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजविणारा बँडमास्तर मुखडा उचलतो, बाकीची पितळी वाद्ये त्याच्या मागोमाग तोच सूर धरतात, युफोनियम खालून आधार देतो आणि ढोल, ताशा व झांजा चालणाऱ्यांची पावले सांभाळतात. मूळ गीतातील व्हायोलिनचा ताफा नाही, गायकाचा गळा नाही, शब्द नाहीत, आणि डोक्यावर छप्परही नाही. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो. पन्नास पानांच्या फायलीचा अर्ध्या पानात गोषवारा करणे हे आमचे रोजचे काम आहे. काय गाळले असता विषय मरतो आणि काय गाळले असता तो उजळतो, हा विवेक गोषवारा करणाऱ्यास असावा लागतो. बँडमास्तराजवळ नेमका हाच विवेक लागतो, आणि तो असला तर त्यास कलावंत म्हणण्यास आमची हरकत नाही.

या गोषवाऱ्यास वाद्याचेही नियम आहेत. तीन कळांच्या कॉर्नेटवर मींड काढणे दुष्कर असते. गळ्याची बारीक मुरकी तेथे ठेचकाळते. म्हणून मदनमोहन यांच्या गझला रस्त्यावर टिकत नाहीत. याउलट पायरीपायरीने चढणारी, चरणाच्या शेवटी लांब ठहराव असणारी आणि श्वासास जागा देणारी चाल पितळेवर फुलते. 'सूरज' (१९६६) मधील शंकर-जयकिशन यांचे रफींनी गायिलेले स्वागतगीत किंवा 'नीलकमल' (१९६८) मधील रवी यांचे पाठवणीचे गीत अर्धशतकाहून अधिक काळ वरातीत तग धरून आहे, ते केवळ शब्दांच्या औचित्यामुळे नव्हे. 'नागिन' (१९५४) मधील पुंगीचा सूर मुळात कल्याणजींनी क्लॅव्हियोलाइन या विजेवरच्या वाद्यावर वाजविला होता. क्लॅरिनेटने तो असा काही आपलासा केला, की तो त्याच वाद्यासाठी रचला असावा असे वाटावे. चालीचा हाडाचा सांगाडा किती भक्कम आहे हे पाहावयाचे असेल, तर ती बँडवर ऐकावी. बँड ही चालींची चाळण आहे.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. आपल्या बहुतेक बँडना लहानमोठ्या आवाजाचे भान नसते; सारे काही एकाच जोरात चालते. वाद्ये एकमेकांशी नीट जुळविलेली नसतात. सर्वांत मोठा दोष म्हणजे अंतऱ्याची उपेक्षा. मुखडाच फिरून फिरून वाजतो आणि अंतरा आला की पुढचे गाणे सुरू होते. अंतऱ्यावाचून गीत म्हणजे ओसरीवाचून माजघराची वाट. ऐकणाऱ्यास घरात गेल्याचे समाधान लाभत नाही. पण या दोषाचा अर्धा वाटा आपणा यजमानांकडे जातो. वरातीत पाच मिनिटे थांबून कोण ऐकतो?

शब्द गाळले म्हणजे अर्थ गेला, असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी २९ जानेवारीस सैन्यदलांच्या बँडचा समारंभ होतो. २०२२ साली त्यातून 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना वगळण्यात आली आणि कवी प्रदीप यांचे, सी. रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेले व लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायिलेले हुतात्म्यांचे गीत घेण्यात आले. त्यावरून देशभर वाद झाला. गंमत अशी, की दोन्ही गीते तेथे केवळ वाजविली जाणारी. शब्द कोणीच उच्चारीत नव्हते. जे शब्द वाजविणाऱ्याने म्हटलेच नाहीत त्यांवरून देश वाद घालू शकतो, याचा अर्थ ते शब्द ऐकणाऱ्याच्या मनात गायिले जात होते. बँडचा गायक हा श्रोता असतो.

हेच तत्त्व बंगळूरच्या रस्त्यावर निराळे रूप घेते, आणि आमच्या लेखाचा मुद्दा येथे येऊन ठेपतो. 'सैराट' (२०१६) मधील अजय-अतुल यांचे नाचाचे गीत सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१७ साली तो चित्रपट 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडात आला, २०१८ साली 'धडक' या नावाने हिंदीत आला. चाल दोन्हीकडे तीच राहिली. आता या शहरातील एका मराठी घरच्या वरातीची कल्पना करा. वऱ्हाडात निपाणी-बेळगावचे पाहुणे आहेत, नवऱ्या मुलाचे कन्नड मित्र आहेत, शेजारचे हिंदी भाषिक कुटुंब आहे. बँडने ती चाल धरली की प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या भाषेतील शब्द म्हणत नाचू लागतो आणि कोणासही दुसऱ्याचे शब्द ऐकून घ्यावे लागत नाहीत. हेच गीत ध्वनिवर्धकावर लावावयाचे म्हटले, तर प्रथम भाषा निवडावी लागते. आणि भाषा निवडली की त्या क्षणी कोणी तरी यजमान ठरतो व कोणी तरी पाहुणा. भाषेच्या प्रश्नाने ज्या सीमेवर दोन पिढ्यांची मने दुखावली आहेत, त्या सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस या गोष्टीचे मोल अधिक कळावे. राजन-नागेंद्र यांनी 'गंधद गुडि' (१९७३) साठी बांधलेली चाल राज्योत्सवाच्या मिरवणुकीत बँडवर ऐकताना आमचेही पाऊल तालावर पडते, ते याच कारणाने.

म्हणूनच आज बँडवर जे संकट आले आहे ते आम्हांस केवळ काही वादकांच्या पोटाचे वाटत नाही, जरी तेही लहान नाही. लग्नसराई संपली की त्यांतील पुष्कळांस दुसरी मजुरी शोधावी लागते. ध्वनिवर्धकांच्या भिंती रचलेली गाडी वरातीपुढे आली आणि बँड मागे पडला. जे बँड टिकले त्यांतील कित्येकांनी गाडीवर ध्वनिक्षेपक व गायक घेतला. त्याबरोबर गाळलेले शब्द परत आले आणि रूपांतराची कलाच नाहीशी झाली. पितळी वाद्ये गायकाच्या मागे शोभेला उरली. लंडनमध्ये १९९२ पासून इंग्रज वादकांचा एक बँड आपल्या वरातीच्या बँडचे अनुकरण करून हिंदी चित्रपटगीते हौसेने वाजवीत आहे. तेथे जी गोष्ट शिकण्याजोगी ठरली, ती येथे हद्दपार व्हावी हे शोचनीय आहे.

उपाय अवघड नाहीत. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकीस बँड बोलवावयाचा, तर ध्वनिक्षेपक नको असे ठरवितानाच सांगावे. आपल्या आवडीच्या चार मराठी चाली बँडमास्तरास आठ दिवस आधी ऐकवाव्यात व त्या बसविण्याचे वेगळे पैसे द्यावेत. आणि मिरवणूक एखाद्या रुंद चौकात थांबवून एक तरी गीत अंतऱ्यासह शेवटपर्यंत ऐकावे. बँडमास्तराने आजवर आपणास पुष्कळ ऐकविले आहे; त्याने काय गाळले आणि काय राखले हे लक्ष देऊन ऐकण्याचे काम आता आपले आहे.